तळाचा थर

वालूर, तालुका सेलू
१२ मे १९४४

तीर्थस्वरूप अण्णासाहेब यांस कावेरीचा साष्टांग नमस्कार.

पुण्याहून आपण पाठवलेले पहिले प्रकरण पोहोचले. सुवाच्य अक्षरात उतरवून सोबत पाठवते आहे. चौदाव्या पानावर शाईचा डाग पडला, म्हणून ते पान पुन्हा लिहिले. दुसऱ्यातही एक 'व' जाड झाला आहे. तो तसाच ठेवला, क्षमा असावी.

पिंगळी स्टेशनात तिकिटाच्या खिडकीमागे बसवून आपण मला बाराखडी शिकवलीत, तेव्हा बाबा रुळांवर हातोडा मारत असत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पाटी धरलेली नाही. म्हणून आपण पुस्तक लिहिता आणि 'साध्या माणसाला न कळेल तिथे खूण कर' असे मला सांगता, तेव्हा मला भीती वाटते. न कळणे हे पुस्तकाचे की माझे, हे कसे ओळखायचे?

तरी जे कळले ते सांगते. व्हिएन्ना शहरात सत्तर वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात बाजारभाव लिहिणारा एक तरुण होता. व्यापारी भाव ठरवतात ते श्रमावरून ठरवत नाहीत, गरजेवरून ठरवतात, आणि पुस्तके मात्र वेगळे सांगतात, हे त्याच्या ध्यानात आले. त्यातून हा पंथ निघाला. वस्तूचे मोल वस्तूत नसते, ज्याला ती हवी त्याच्या मनात असते, आणि तेही त्याच्याजवळच्या शेवटच्या पोत्यावाचून काय अडेल, त्यावरून ठरते. बर्लिनच्या प्राध्यापकांनी चेष्टेने त्यांना 'ऑस्ट्रियावाले' म्हटले आणि तेच नाव पडले. हे मला आवडले. आमच्या आळीत तिघांची नावे अशीच पडली आहेत.

खूण एकाच ठिकाणी केली आहे. शेतकऱ्याकडे ज्वारीची पाच पोती असतील तर पहिले खाण्यासाठी, दुसरे बियाण्यासाठी, तिसरे बैलांना, असा क्रम आपण लिहिला आहे. मी शेजारच्या दगडाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "कोण म्हणलं गं असं? बी आधी. बी राखंत घालून गाडग्याचं तोंड बांधायचं, मग काय खायाचं ते खा. पोट उद्याबी मागंल. पेरा उद्या थांबत न्हाई."

तर हा क्रम बदलावा का?

एक काम आले आहे. सुट्टीत शाळामास्तरांनी घरोघरच्या धान्याची फर्द करावी, असा तहसिलीचा हुकूम आहे. फर्द म्हणजे यादी. त्यावरून सरकार प्रत्येकाकडून सक्तीची लेव्ही घेणार आणि स्वस्त धान्याच्या दुकानांना देणार. बायकांच्या माजघरात पुरुष मास्तर जाऊ शकत नाहीत, म्हणून वालूर इथली मास्तरीण या नात्याने माझ्याकडे आले आहे. एकही आकडा चुकू नये, एवढीच काळजी आहे.

आपली
कावेरी लिंबाजी


पुणे
२२ मे १९४४

चि. कावेरीस अनेक आशीर्वाद.

तुझी प्रत पाहिली. जाड 'व' दिसला नाही.

दगडाबाईंना माझा नमस्कार सांग. माझे प्रकरण त्यांनी एका वाक्यात सुधारले. क्रम बदल, आणि खाली लिही की तो प्रत्येकाच्या मनातला असतो. टेबलाशी बसून मी दुसऱ्याच्या पोत्यांना नंबर घातले. हा पंथ ज्यांच्याशी भांडला, त्यांचीच चूक मी केली.

दुसरे प्रकरण पाठवतो. अक्षर मोठे झाले आहे, हसू नकोस. त्यात असे आहे : सगळा माल सरकारच्या हाती दिला, बाजार बंद केला, तर कुठल्या गावाला काय हवे हे अधिकाऱ्याला कळणार कशावरून? कळण्यासारखी गोष्ट एका जागी नसतेच. थोडी या डोक्यात, थोडी त्या डोक्यात, आणि बरीचशी अशी की ती आपल्याला ठाऊक आहे हे त्या माणसालाही ठाऊक नसते. भाव तेवढा ती गोळा करतो. पिंगळीला व्यापाऱ्यांसाठी कापसाचा भाव तारेने यायचा, आठवते? मुंबईला का चढला, मला माहीत नसे. पण दोन अक्षरे खडखडली की रस्त्यावरच्या गाड्या वळत. मी हे पुस्तक त्या तारयंत्राशी शिकलो. प्राध्यापक नंतर भेटले.

आता तेही विखुरले. सहा वर्षांपूर्वी व्हिएन्नात जर्मन फौज शिरली. त्याच्या आधीच निम्मे गेले होते, उरलेले नंतर गेले. कोणी लंडनला, कोणी अमेरिकेत. पंथ आहे, गाव नाही. लिहिताना हल्ली फार थकवा येतो.

फर्दीची काळजी करू नकोस. दिसेल ते लिही.

अण्णा


वालूर
५ जून १९४४

ती. स्व. अण्णासाहेब यांस सा. नमस्कार.

फर्द पुरी झाली. एकशे बारा घरे, एकही खाडाखोड नाही. तहसिलीतले पेशकार व्यंकटराव म्हणाले, "एवढी साफ फर्द तालुक्यात दुसरी न्हाई." दिवसभर मला ते वाक्य पुनःपुन्हा आठवत होते. हा गर्व असेल तर आपण रागवावे.

सर्वांत मोठा साठा दगडाबाईंचा निघाला. घरात त्या, विधवा सून आणि दोन नाती, एवढ्याच. पण त्यांचे घर गावाच्या उंचवट्यावर आहे आणि अंगणाखाली जुने पेव, म्हणजे धान्याचे भुयार, आहे. पिंगळीला आम्ही ज्वारी कणगीत ठेवतो, जमीन ओलसर आहे, त्यामुळे पेव मी कधी आत पाहिले नव्हते. दगडी झाकण काढून बराच वेळ थांबावे लागते, आतली हवा वाईट असते. मग कंदील सोडून पाहायचे. तो विझला नाही तर माणूस उतरतो.

दगडाबाई म्हणाल्या, "तू लिव्हणारी, माय. तूच मोज." पेवाची खोली त्यांनी सांगितली, मी दोरी सोडून ज्वारी कुठवर आहे ते पाहिले, घेर घेतला, आणि हिशोब तीनदा केला. तीस पल्ले, म्हणजे नऊशे पायल्या. फर्दीत खाना होता, 'पेवाच्या मालकाचे नाव'. मी विचारले, "पेव कुणाचं?" त्या म्हणाल्या, "माझं. सासऱ्यानं खांदलेलं." तसे लिहिले. खालच्या आळीतल्या चतुराबाई आणि इतर बायका तिथेच उभ्या होत्या. त्यांच्याकडे मी आधी जाऊन आले होते. त्यांच्या घरी चार-चार पायल्याच होत्या. मला त्यांची कीव आली.

दुसऱ्या प्रकरणाची प्रत सोबत आहे. यातही एक खूण आहे. भाव मोकळा सोडला की धान्य गरजेकडे जाते, असे आपण लिहिता. इथला मुंजाजी सेलूच्या जिनिंगमध्ये हमाली करतो. त्याला जमीन नाही. त्याला गरज आहे, पण ती तारेत कशी उमटणार? मोकळ्या बाजारात गेल्या पावसाळ्यात त्याच्या घरी तरवट्याची भाजी शिजत होती, नुसती. आता लेव्हीच्या दुकानात त्याला धान्य मिळते. मी चुकत असेन.

कावेरी


पुणे
१ जुलै १९४४

चि. कावेरीस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तिसरे प्रकरण सोबत आहे. ओळी तिरप्या गेल्या आहेत, सांभाळून घे.

मुंजाजीबद्दल : पंथाचे उत्तर असे, की भाव चढला म्हणजे जिथे माल पडून आहे तिथून तो निघतो आणि भाव पुन्हा उतरतो. तुमच्याकडे एका जिल्ह्यातले धान्य दुसऱ्यात न्यायला बंदी आहे, म्हणून तो निघत नाही. हे उत्तर बरोबर आहे. ते येईपर्यंत मुंजाजीने काय खावे, हे त्यात नाही. तुझी खूण तशीच राहू दे.

तुझ्या फर्दीचे ऐकून बरे वाटले. साफ काम करणारी माणसे कमी.

अण्णा


वालूर
२९ ऑगस्ट १९४४

ती. स्व. अण्णासाहेब यांस सा. नमस्कार.

तिसऱ्या प्रकरणाची प्रत या वेळी नाही. हात चालत नाही.

गेल्या मंगळवारी तहसिलीचे गिरदावर सहा गाड्या घेऊन आले. त्यांच्या हातात माझीच फर्द होती. दगडाबाईंच्या घरी माणसे चार, म्हणून सहा पल्ले ठेवायचे आणि चोवीस न्यायचे. पेव उघडले. मी तिथे होते, कारण आकडा पडताळायला मला बोलावले होते.

हमाल वरून उपसायला लागले. हातभर ज्वारी निघाली की कडब्याचा एक पातळ थर निघे. मग पुन्हा ज्वारी, पुन्हा कडबा. मला वाटले, ओल लागू नये म्हणून असेल. मग पहिल्या कडब्याशी चतुराबाई येऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्याशी आणखी एक बाई आली. अशा पाच जणी आल्या, एकेका थराला एकेक. चतुराबाईंनी पदर तोंडात धरला होता. तेव्हा मला कळले.

अण्णासाहेब, ते पेव दगडाबाईंचे आहे. त्यातली ज्वारी सहा घरांची होती. खालच्या आळीतल्या पेवांना पाणी लागते, म्हणून त्या बायका आपली ज्वारी उंचावरच्या पेवात टाकतात. मध्ये कडबा अंथरतात. ज्याला आधी लागणार त्याचा थर वर, आणि मालकिणीचा सर्वांत खाली. हे कुठे लिहिलेले नसते. 'पेवाचं बोललं की पेवाला पाणी लागतं' असे इथे म्हणतात, म्हणून कोणी बोलतही नाही. मी 'घरात किती?' विचारले, त्यांनी घरातले सांगितले. मी 'पेव कुणाचं?' विचारले, दगडाबाईंनी पेवाचे सांगितले. सर्वांनी खरे सांगितले आणि मी खरे लिहिले.

वरचे चोवीस पल्ले गेले. तळ राहिला. तळ दगडाबाईंचा.

सरकारी भावाची चिठ्ठीही त्यांच्याच नावे आली. त्या भावाने वालुरात कोणी मूठभर ज्वारी देणार नाही. आणि आता पाणवठ्यावर बोलणे सुरू आहे की म्हातारीने मास्तरीणबाईला हाताशी धरून लोकांची ज्वारी विकली आणि आपली राखली. त्या पाच जणींपैकी दोघी दगडाबाईंच्या दारावरून जाताना तोंड फिरवतात. चाळीस वर्षे हे पेव चालले, कधी शेराची तक्रार नव्हती.

मी त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "ऊठ. तुह्या कागदात खाना न्हवता, मला ठावं हाय. पर तुह्या तोंडात जीभ व्हती की. इचारायचं व्हतंस."

पाचही घरांत आता बियाण्याचे गाडगे तेवढे आहे. पेरणी महिन्यावर आली. ज्वारी सेलूच्या सरकारी कोठारात पडून आहे, आगगाडीने कधी जाईल सांगता येत नाही. ती परत मिळाली नाही तर बी खाल्ले जाईल, आणि मग पुढचे वर्षही गेले. फर्द चुकली असे मी लिहून दिले तर माझी नोकरी जाईल. तेही सोसेन. पण पाच जणींनी साठा लपवला, असा अर्थ निघून त्यांना दंड झाला तर? मी काय करू, ते सांगावे.

कावेरी


पुणे
५ सप्टेंबर १९४४

चि. कावेरीस आशीर्वाद.

तुझे पत्र तीनदा ऐकले. म्हणजे वाचले. कावेरी, तुला कळते आहे का, तू काय लिहिले आहेस? व्हिएन्नाच्या प्राध्यापकांनी वीस वर्षे जे मांडले त्याला इतके चोख उदाहरण कोणाजवळ नाही. सर्वांनी खरे सांगितले, खरेच लिहिले गेले, आणि तरी सरकारच्या हाती खोटे पोहोचले! कोणी बदमाश नाही, कोणी आळशी नाही. ज्ञान थराथराने डोक्यांत होते आणि कागदाला एकच खाना. हे माझे चौथे प्रकरण. नावे बदलून लिहितो.

आणि म्हणूनच तू मनाला लावून घेऊ नकोस. हा दोष योजनेचा आहे, तुझा नव्हे. तुझ्या जागी कोणीही असते तरी हेच झाले असते. लिहून देऊ नकोस. नोकरी जाईल आणि हाती काही लागणार नाही. लिंबाजीच्या घरात पहिल्यांदा शाई आली आहे, ती अशी सांडू नकोस.

पेवाची खोली किती हात होती ते कळव. प्रकरणात लागेल.

अण्णा


वालूर
१९ सप्टेंबर १९४४

ती. स्व. अण्णासाहेब यांस सा. नमस्कार.

खोली अकरा हात.

आपले पत्र वाचून मला दोन दिवस हलके वाटले. नंतर त्या हलकेपणाचीच लाज वाटली. आपण लिहिता ते खरे असेल. पण तुमच्या प्रकरणात मी कुठेच नाही. माझ्या जागी कोणीही असते तर, असे आपण म्हणता. माझ्या जागी दगडाबाईंची सून असती तर तिने विचारले असते. मी पिंगळीची, मला माहीत नव्हते. माहीत नसलेल्याने विचारायचे असते. पाच बायका तिथे उभ्या का आहेत, हे मी विचारले नाही, कारण माझा हिशोब जुळला होता.

म्हणून मी पाच घरी गेले. आधी चतुराबाईंकडे.

"आता कशाला आलीस?" त्या म्हणाल्या. "चूल मोजायला?"

मी म्हटले, "तुमचं नाव लिहू का, विचारायला आले."

"मागच्या बारी इचारलं असतंस तर आज चुलीला काम असतं." मग म्हणाल्या, "दंड पडंल का?"

"पडू देणार नाही."

"तू कोण गं, निजामाची बहीण?" पण हसल्या. त्यांच्या लेकीचे बाळंतपण झाले आहे. बियाण्याच्या गाडग्याचे तोंड उघडलेले मी पाहिले. त्यांनी ते पायाने आड सारले.

पाचही जणी कबूल झाल्या. फर्दीसारखाच कागद आखला, त्यात एक खाना वाढवला : 'ज्वारी कोणाची'. दगडाबाई आणि मी बैलगाडीने सेलूला गेलो. वाटभर त्या एवढेच बोलल्या, "पाठ सरळ ठिव, गाडी लय हिसके देती."

पेशकार व्यंकटरावांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला. "बाई, छापील फर्दीत खाना वाढवायलाव तुमी? सरकारला खाने शिकवायलाव?" मग दार लावून हळूच म्हणाले, "नीट ऐका. ह्या पाच बायांचा माल असंल, तर मेमध्ये त्यांनी तो सांगितला न्हाई. म्हंजे त्या खोट्या. किंवा त्यांनी सांगितला आन तुमी लिव्हला न्हाई. म्हंजे तुमी खोट्या. दोन्हींतली एकच दरख्वास्त घेता येते. कोणती घेऊ?"

दगडाबाई म्हणाल्या, "तिसरी न्हाई का, साहेब? समदे खरे?"

"तिला खाना न्हाई, आज्जी."

अण्णासाहेब, मी आजवर खोटे लिहिलेले नाही. चौथीत एक गणित शेजारणीचे पाहून केले होते, ते मी दुसऱ्या दिवशी आपल्याला सांगितले होते. तहसिलीत बसून मी लिहिले : 'सदर पाच बायांनी आपला साठा मला तोंडी सांगितला होता. मी निष्काळजीपणाने फर्दीत घेतला नाही.' पहिला भाग खोटा आहे. दुसरा खरा आहे. अक्षर चांगले आले, खाडाखोड नाही. खाली दस्तखत केली.

कोठारात चौदा पल्ले होते, ते मिळाले. दहा आधीच गेले होते, आगगाडीने की दुकानांत, ते कोणाला सांगता आले नाही. मला शाळेतून तात्पुरते कमी केले आहे, चौकशी होईल.

चौदा पल्ले दगडाबाईंच्या अंगणात उतरवले. सगळी एकत्र झालेली, कोणता दाणा कोणाचा ते कळायला मार्ग नाही. दगडाबाईंनी आपले सहा पल्ले पेवातून काढून त्यातच ओतले. मग बायका बसल्या. भाव लावला नाही, फर्द केली नाही. "तिची लेक बाळंतीण हाय, तिला आधी." "तिचा नवरा कामाला गेला, ती थांबंल." "मी थांबंन, पर तुह्या तोंडाकडं बघून न्हाई." भांडल्या, टोमणे मारले, आणि दिवस मावळायच्या आत वाटणी झाली. ज्या दोघी तोंड फिरवत होत्या, त्यांनी कमी घेतले. याला आपल्या पुस्तकात काय म्हणतात, ते शोधून सांगावे.

एक गोष्ट न लिहून चालणार नाही. मुंजाजीला सेलूच्या दुकानात जी ज्वारी मिळाली, तिच्यात कडब्याचे पान निघाले. ते तो मला दाखवायला घेऊन आला. "बाई, ही आपल्या गावची तर न्हाई?" मी म्हटले, माहीत नाही. खरेच माहीत नाही. त्याच्या पोरांनी पोटभर खाल्ली. हेही चौथ्या प्रकरणात घालणार असाल तरच ते प्रकरण लिहावे. नाहीतर पेव राहू द्यावे.

कडक लिहिले असेल तर क्षमा असावी.

कावेरी


पुणे
३० सप्टेंबर १९४४

चि. कावेरीस आशीर्वाद.

हे पत्र मी सांगतो आहे आणि शेजारच्या नर्मदाबाई लिहीत आहेत. गेल्या चैत्रापासून मला अक्षर दिसत नाही. आधी धूसर होते, आता तेही नाही. तुझी पत्रे त्याच वाचून दाखवतात. तुझा जाड 'व' मी पाहिला नव्हता, म्हणून तेव्हा 'दिसला नाही' असे लिहिले. तेवढे खरे होते. बाकी तुला कळू दिले नाही, कारण आंधळ्याच्या पुस्तकाची प्रत करताना तुला कीव आली असती.

दुसरेही सांगून टाकतो. लढाईमुळे कागदावर नियंत्रण आहे. प्रकाशकाने मे महिन्यातच कळवले होते की हे पुस्तक छापता येणार नाही. मी तरी प्रकरणे पाठवत राहिलो. तू खुणा करतेस, त्या मला हव्या होत्या. पुस्तकाला एक वाचक होता, आणि मी त्यालाच फसवले. तू एक खोटे वाक्य लिहिलेस आणि ते मला सांगितलेस. मी पाच महिने एक दडवले.

चौथे प्रकरण सांगून लिहवून घेतले होते. नर्मदाबाईंनी ते परत वाचून दाखवले, तेव्हा ऐकले की त्यात पेव आहे, थर आहेत, कडबा आहे, आणि बाई एकही नाही. ते फाडायला सांगितले. नर्मदाबाई म्हणाल्या, "कागद महाग आहे, मागच्या बाजूला वाणसामान लिहिता येईल." तसे झाले.

तुझ्या वाटणीला पुस्तकात नाव सापडले नाही. मुंजाजीच्या पानालाही नाही. पंथ जे म्हणतो ते अजून मला खरे वाटते. दुसऱ्याच्या मनातले तहसिलीला कळत नाही. ते मलाही पुण्यात बसून कळले नाही, एवढे त्यात घालायचे राहिले होते.

शक्य झाले तर तिसऱ्या प्रकरणाची प्रत कर. घाई नाही.

अण्णा


वालूर
२ एप्रिल १९४५

ती. स्व. अण्णासाहेब यांस सा. नमस्कार.

सौ. नर्मदाबाईंना नमस्कार. त्यांनी हे सावकाश वाचावे.

इतके महिने लिहिले नाही. चौकशी झाली. माझ्या दस्तखतीमुळे ती लवकर संपली. नोकरी परत मिळणार नाही. बाबा पिंगळीहून आले, ओसरीवर बसून राहिले आणि जाताना म्हणाले, "खोटं लिव्हायला बी शाळा लागती, ते मला ठावं न्हवतं." रागाने म्हणाले की कसे, अजून ठरवता आले नाही.

पाच घरांपैकी चार घरांचे गाडगे शाबूत राहिले आणि पेरा पुरा झाला. चतुराबाईंचे बी निम्मे खाल्ले गेले होते, म्हणून त्यांचे निम्मे रान पडीक राहिले. पीक बेताचे आले. त्या मला भेटल्या की रानाचे काही बोलत नाहीत. मी विचारते. आता मी सगळ्यांनाच सगळे विचारते, त्यामुळे लोकांना माझा कंटाळा आला आहे.

दगडाबाईंच्या ओसरीवर सकाळी अकरा मुली बसतात. त्यांच्या घरून शिकवण्याची ज्वारी येते, ओंजळ, दोन ओंजळी. वर्षात पहिल्यांदा माझ्याकडे स्वतःचे धान्य साठले, अर्धा पल्ला.

परवा पेव भरले. आत कडबा जाळून भिंती शेकल्या, खाली कडबा अंथरला. बायका टोपल्या घेऊन आल्या. मी माझी ज्वारी घेऊन कडेला उभी राहिले. मला वाटले, सर्वांत वर टाकावी, मला आधी लागेल, शिवाय मी परगावची. दगडाबाई म्हणाल्या, "इकडं आण. तळाला टाक, माझ्यासंगं."

मी म्हटले, "तळाची सर्वांत शेवटी निघते."

"मग? तवर तुला गाव सोडता येनार न्हाई."

चतुराबाई वरून ओरडल्या, "आन खायाला काय घालशील तिला, कागद?" सगळ्या हसल्या. मग एकेकीने आपापला थर ओतला, मध्ये कडबा. मी सवयीने कमरेची पेन्सिल काढली. दगडाबाईंनी नुसते पाहिले. मी ती परत खोचली. झाकण बसले, मातीने लिंपले.

यंदाची फर्द करायला सेलूहून नवे मास्तर येणार आहेत. ते काय विचारतील, कोणाला विचारतील, कळत नाही. आधी माझ्याकडे आले तर मी त्यांना घेऊन घरोघरी जाईन. एवढे ठरले आहे, बायकांनाही विचारले आहे. त्यापुढचे ठरलेले नाही.

तिसऱ्या प्रकरणाची प्रत सोबत पाठवते. चौथ्यासाठी चार पाने आखून कोरी ठेवली आहेत. माझा थर तळाला आहे, तेवढे मी आपल्याला सांगितले. त्याच्यावर कोणाचा, त्याच्यावर कोणाचा, तो क्रम मला पाठ आहे. तो इथे लिहीत नाही.

आपली
कावेरी